मार्टसमोर किराणा दुकान कसं टिकवायचं

गावात मार्ट उघडलं की जो तो सांगतो, एसी बसवा, फर्निचर करा, ट्रॉल्या आणा. काही करू नका, ते पैसे मालात घाला. आमच्यापासून पाच मिनटावर मार्ट आलंय, आमचं शटर अजून रोज सातला उघडतंय.

साबण, बिस्किट, शाम्पूच्या भावात त्यांच्याशी भिडू नका. त्यांना कंपनी ज्या रेटनं देते त्या रेटनं आपल्याला होलसेलवालाबी देत नाही. रोज खपणारा माल ठेवा, विषय संपला.

सुट्टा माल आपला. वसमतची हळद, जालन्याची दगडी ज्वारी, बोरसुरीची तूरडाळ, तिघांनाही २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं सरकारी मानांकन, मिळालंय, पण नाव सांगून कोणीबी काहीबी विकतं, म्हणून मूठभर डाळ घरी शिजवल्याशिवाय पोतं उतरवून घेऊ नका.

आता उधारी. इथंच मी आपटलो.

सगळे म्हणतात उधारी बंद करा. सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकणार, तूर संक्रांतीनंतर, मधी घर कशावर चालवायचं? उधारी हेच तर मार्ट देत नाही. पण मी मर्यादा न ठेवता देत गेलो अन् मग चारचौघात मागायला लागलो. एका गिऱ्हाइकाकडं सहा हजार थकले होते, ते यायचंच बंद झालं. एक दिवस बघतो तर मार्टची पिशवी घेऊन दुकानामागच्या बोळीतून जायलंय. म्हणजे बघा, माझी बाकी असल्यामुळंच रोख पैसा मार्टात जायलाय!

तवापासून प्रत्येक घराची मर्यादा वहीत वरच लिहितो. नोकरदाराला पगाराची तारीख, शेतकऱ्याला पीक विकायचा महिना, तोबी त्याच्याच तोंडून. मर्यादा भरली की नवी उधारी नाही, मग सख्खा भाऊ का असंना.

अन् जो तोंड चुकवतोय त्याला पैसे मागू नका. त्या माणसाच्या घरी मी स्वतः गेलो, म्हणलो, "मागची बाकी सोयाबीन विकल्यावर बघू, आजपासून रोखीनं न्या." दुसऱ्या दिवशी अर्धा किलो साखर अन् चहापत्ती न्यायला आला, माझ्याकडं न बघता. सहा हजार फिटायला दोन हंगाम लागले. वसुलीला दुकानातलं पोरगं मात्र कधीच पाठवू नका, ते दारात उभं राहून आकडा मोठ्यानं सांगतंय.