रहस्यकथा वाचून झाल्यावर मत कसं लिहायचं, शेवट न फोडता

गेल्या महिन्याभरात तीन पुस्तकं संपवली, दोन रहस्यकथा आणि एक आत्मचरित्र, आणि तिन्हींबद्दल मैत्रिणीला सविस्तर लिहून पाठवलं. ते करताना जे जमलं ते सांगते, कारण "मस्त आहे, नक्की वाच" एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही आणि जास्त सांगायला गेलं की शेवट फुटतो.

सुरुवात वाचतानाच करायची. पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा आणि दर पन्नास पानांनी आत्ता कोणावर संशय आहे आणि का, ते एका ओळीत लिहा. चिठ्ठीवरच हं, पुस्तकात नाही. मी एकदा लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात चाळिसाव्या पानावर एका नावाखाली निळ्या बॉलपेनने दोन रेघा मारून "हाच खुनी" लिहिलेलं होतं आणि ते खरंच निघालं, पुढची सगळी पानं वाया गेली, अजून आठवलं तरी जीव तळमळतो. चिठ्ठी हवीच, कारण शेवट कळला की वाटायला लागतं मला तर आधीच कळलं होतं, आणि चिठ्ठीत बघावं तर भलतंच नाव.

संपल्या संपल्या लिहायला बसू नका, आधी पहिली दोन-तीन प्रकरणं परत वाचा. ॲगाथा ख्रिस्तीचं १९२६ चं 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' मी असंच वाचलं. त्यात गुप्तहेर प्वारो गावात येऊन मॅरो, म्हणजे आपल्या दुधीसारखं दिसणारं एक फळ, पिकवत असतो आणि वैतागून एक भिंतीपलीकडे भिरकावतो, पहिल्यांदा मी हसून पुढे गेले, दुसऱ्यांदा सावकाश वाचताना आजूबाजूचे धागे दिसायला लागले. माझं मत पक्कं आहे की ख्रिस्तीबाईंनी वाचकाला फसवलेलं नाही. पण मी "शेवट धक्कादायक आहे" असं मात्र लिहिलं नाही. तेवढं जरी लिहिलं ना, की समोरचा पहिल्या पानापासून धक्काच शोधत बसतो आणि गोष्ट बाजूला राहते. "धागे समोर होते, मला सापडले नाहीत" एवढंच लिहिलं.

आता सांगायचं किती? माझा हिशोब असा की सुरुवातीच्या पानांत लेखक स्वतः जे उघड करतो तेवढं बिनधास्त सांगा. केइगो हिगाशिनोच्या 'डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्ये खून कोणी केला ते सुरुवातीलाच आपल्यासमोर घडतं. यासुको नावाच्या बाईच्या शेजारी राहणारा गणिताचा मास्तर इशिगामी, जो ती काम करते त्या दुकानातून डबा घ्यायला जात असतो, तो तिच्या मदतीला येतो, आणि मग प्रश्न एवढाच की हे पोलिसांपासून लपवणार कसं. हे सांगितलं तर काही बिघडत नाही. त्यापुढे गप्प. नावडलं तेही नीट कारण देऊन लिहा, मला यासुको पुसट वाटली, तिला नक्की काय हवंय ते हाताला लागत नाही. आणि २०२३ चा 'जाने जान' पिक्चर ह्यावरच आहे, हे आधी सांगून टाका, बघितलेल्यांना त्याचा उपयोग होतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्राला ह्यातलं काहीच लागू नाही. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती होतात हे बहुतेकांना ठाऊकच असतं, लपवायचं काय? तिथे बाईंच्या बोलण्याबद्दल लिहा, दुःख सांगतानाही त्या मधेच कशा हसवतात त्याबद्दल, आणि एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा, फोनवर रेकॉर्ड करून पाठवलात तरी चालेल, मी तेच केलं.

मैत्रिणीने ॲक्रॉइड घेतलंय. पन्नासाव्या पानावर आहे, चिठ्ठीवर एक नाव लिहून घडी घालून ठेवलंय म्हणाली. मी विचारलेलं नाही.