कॉलेजच्या ग्रुपने लहान मुलांसाठी नाटक करायचं तर काय काय बघायचं

कॉलेजमधल्या स्पर्धा संपल्या की नाटकाचा ग्रुप रिकामा बसतो, तेव्हा कुणीतरी म्हणतं चला आपण मुलांसाठी काहीतरी करू, एखाद्या शाळेत, ग्रंथालयात, बालगृहात, हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात. आयडिया भारीच आहे, जरूर करा. फक्त स्पर्धेत गाजलेलं नाटक थोडं सोपं करून तिथे नेऊ असं मनात असेल तर ते आधी काढून टाका. स्पर्धेतला प्रेक्षक अंधारात गप्प बसतो, इथला उजेडात तुमच्यापासून चार हातांवर बसतो आणि नाटक चालू असताना तुमच्याशी बोलतो. ते बोलणं धरूनच नाटक बसवायचं असतं.

संहिता शोधण्याआधी जागा बघून या. मुलं किती, कुठल्या वयाची, घरी कुठली भाषा बोलतात, बसणार कुठे, शेजारी रस्ता आहे का, ऊन कुठून येतं, हे सगळं तिथे उभं राहून विचारायचं, फोनवर अर्धंच कळतं. वय सगळ्यात महत्त्वाचं. तीन ते पाच वर्षांची मुलं असतील तर वीस मिनिटं पुरे, सहा ते नऊवाल्यांना अर्धा तास, त्याच्या पुढच्यांना पाऊण तास चालतो. सगळी मिसळ असेल तर लहानांना पुढे बसवा आणि नाटक सहा-सात वर्षांच्या मुलाला कळेल असं ठेवा, मोठी मुलं त्यातही रमतात, उलटं मात्र होत नाही.

तिथेच परवानगीचं बोलून घ्या आणि लेखी घ्या. प्रयोगभर संस्थेचं एक तरी मोठं माणूस हजर पाहिजे, आपल्यातल्या कुणीही कुठल्याही मुलासोबत एकटं थांबायचं नाही, मुलाला टॉयलेटला न्यायचं तेही संस्थेच्याच माणसाने. फोटोचा मोह सगळ्यांना होतो पण संस्थेची आणि पालकांची परवानगी नसेल तर मुलांचे चेहरे दिसणारा एकही फोटो काढू नका, बालगृहात आणि हॉस्पिटलमधे तर विचारूसुद्धा नका, आपल्या कलाकारांचे फोटो तालमीत काढा. हॉस्पिटलला जाताना ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने घरी थांबायचं, मग रोल कितीही मोठा असू दे. आणि रबरी फुगे नेऊ नका, काहींना त्या रबराची ॲलर्जी असते, फुटलेला तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो.

आता गोष्ट. एका पात्राला एक गोष्ट हवी आहे आणि ती मिळत नाहीये, एवढं पहिल्या दोन मिनिटांत दिसलं पाहिजे. हरवलेली टोपी शोधायची, रुसलेल्या मित्राला बोलतं करायचं, काहीही चालेल, पण ते समोर घडू दे, सूत्रधाराने उभं राहून सांगायला नको. स्वच्छता, शिस्त, अभ्यास असे विषय संस्था सुचवतात, ते घ्या पण शेवटी पात्राकडून भाषण करून घेऊ नका, मुलांना उपदेश लांबून ओळखता येतो आणि ती लगेच चुळबुळायला लागतात. एखादी ओळ किंवा ताल तीन-चार वेळा येऊ दे, दुसऱ्या वेळेपासून मुलं आपोआप सोबत म्हणायला लागतात.

भीतीचं नीट बघा. राक्षस, चेटकीण हे सगळं मुलांना आवडतं, घाबरायलाही आवडतं, पण मुखवटा घातलेला माणूस विंगेतून धाडकन समोर आला की पुढच्या रांगेतली दोन-तीन रडणारच. त्यापेक्षा कलाकाराने मुलांच्या समोरच मुखवटा चढवावा, आवाज बदलावा, चाल बदलावी. आत माणूस आहे हे त्यांनी बघितलेलं असतं, तरी ती पूर्ण विश्वास ठेवतात आणि भीती आटोक्यात राहते. मला तर सगळ्या प्रयोगात हाच क्षण सगळ्यात सुंदर वाटतो.

तालमीत सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो मुलांच्या बोलण्याला. मुलं ओरडून सांगणार तो तुझ्या मागे आहे, विचारणार तुझ्या दाढीमिशा खोट्या आहेत का, एखादं उठून थेट स्टेजवर येणार. म्हणून तालमीत ग्रुपमधल्या दोघांनी मूल बनून मधेमधे बोलायचं आणि बाकीच्यांनी पात्र न सोडता उत्तर द्यायचं, याची रोज प्रॅक्टिस. नियम एकच पक्का ठेवा, उत्तर नको असेल तर मुलांना प्रश्न विचारू नका. कुठे लपला तो असं विचारलंत आणि पन्नास हात एका दिशेला गेले तर तिकडे बघावंच लागतं, न ऐकल्यासारखं करून पाठ केलेलं वाक्य पुढे रेटलंत की मुलांना कळतं की यांना आपली गरज नाहीये, आणि मग ती पुन्हा बोलत नाहीत. गोंगाट फार वाढला तर शांत बसा म्हणून ओरडायचं नाही, कलाकाराने खाली बसायचं, आवाज हळू करायचा, काहीतरी लपवून बघतोय असं करायचं, मुलं स्वतःच एकमेकांना गप्प करतात.

मुलांना स्टेजवर बोलवायचं असेल तर कोणाला यायचंय असं विचारून दोघा-तिघांना एकत्र बोलवा, लाजणाऱ्याला ओढून आणू नका. आणि आलेल्या मुलावर इतरांना हसवायचं नाही, कधीच नाही. हशा सोप्पा मिळतो पण ते मूल दिवसभर तेच घेऊन फिरतं.

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी फोरम थिएटर करून बघा, ऑगुस्टो बोआल या ब्राझीलच्या रंगकर्मीने १९७० च्या दशकात आणलेला प्रकार आहे. एक अन्याय दाखवणारा छोटा प्रवेश पूर्ण करायचा, मग तोच परत सुरू करायचा आणि प्रेक्षकातल्या कुणीही थांबा म्हणून पात्राच्या जागी येऊन वेगळं वागून बघायचं. वर्गातली चिडवाचिडवी असा विषय यात जमतो.

बाकी तयारीचं पटकन सांगते. चार-पाच आठवडे, आठवड्याला तीन तालमी पुरतात. परीक्षा, आजारपण हे होतंच म्हणून प्रत्येक रोल दोघांना पाठ पाहिजे. सगळी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, दोन बॅगांत मावेल इतकीच, कपडे सगळ्यांचे साधे एकरंगी आणि वरून एक टोपी, ओढणी, कोट, म्हणजे मुलांसमोर पात्र बदलता येतं. संगीत शक्यतो तिथल्या तिथे वाजवा, स्पीकर ऐनवेळी बंद पडला तरी अडत नाही आणि ताल मुलांच्या वेगाने कमीजास्त करता येतो. उघड्यावर प्रयोग असेल तर पाठीमागे भिंत येईल अशी जागा घ्या, आवाज पुढे जातो, आणि ऊन कलाकारांच्या डोळ्यावर आलं तरी चालेल, मुलांच्या नको. मुलांना अर्धवर्तुळात बसवून पुढे खडूची रेघ मारा, मधून बाहेर जायला वाट ठेवा, दोन्ही बाजूला ग्रुपचा एकेक जण बसू दे. काचा, खिळे, वायरी आधी बघून घ्या.

रंगीत तालमीला ओळखीची चार-सहा मुलं बोलवा आणि एकाने नाटक न बघता फक्त मुलांकडे बघायचं. जिथे ती इकडेतिकडे बघायला लागली तिथे संहितेवर खूण करा आणि तेवढं कापा, वाक्य कितीही आवडतं असलं तरी.

तारीख ठरवताना एक लक्षात असू द्या, २० मार्चला जगभर बाल आणि युवा रंगभूमी दिन साजरा करतात, संस्थांना विचारायला ते निमित्त बरं पडतं. मात्र आधी तुमचं परीक्षेचं टाइमटेबल बघा.

प्रयोग संपला की लगेच गाडी पकडायची घाई नको. पंधरा-वीस मिनिटं थांबा, मुखवटे मुलांच्या हातात द्या, घालून बघू द्या. आवडलं का विचारलं तर सगळी हो म्हणतात, त्यापेक्षा तुला कुठला भाग आठवतोय असं विचारा, मग खरं कळतं. परत येऊ असं मुलांना सहज बोलून जाऊ नका, ती वाट बघतात. आधी संस्थेच्या ताईंशी पुढची तारीख पक्की करा, मग मुलांना सांगा.