आयट्रॅकर राहू दे, आधी घामाचं बघा

युएक्सवर, म्हणजे वेबसाइट-ॲप वापरताना माणसाला काय अनुभव येतो त्यावर, थिसिस घेतलेली मुलं पहिल्यांदा विचारतात, आयट्रॅकर (नजर कुठे जाते ते टिपणारं यंत्र) कुठला घेऊ? वेबसाइटवर माणूस कुठे थांबला एवढंच बघायचं असेल तर 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 वेळा नजर टिपणारा पुरतो. कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र त्या माणसाच्या डोळ्यांशी जुळवणं, मन लावून करा, डोळ्यांचं तंत्र लवकर जमतं. रडवतो तो बोटांना लावायचा ईडीए सेन्सर, आणि गोव्यात जून लागला की विचारूच नका.

हा सेन्सर त्वचेतून वीज किती सहज जाते ते मोजतो. माणूस दचकला, वैतागला किंवा खूश झाला की हाताला बारीक घाम सुटतो आणि आलेख चढतो. राग की आनंद, ते आलेख सांगत नाही. शिवाय तो चढतो एक ते तीन सेकंद उशिरा. नजर एका जागी साधारण पाव सेकंद टिकते, म्हणजे तोवर ती कितीतरी पुढे गेलेली असते. आलेखात टोक दिसलं त्याच क्षणाची नजर जोडलीत, तर खापर भलत्याच बटणावर फुटतं.

डिचोलीच्या एक काकी आमच्याकडे सेन्सर लावून वेबसाइटवर बसचं तिकीट काढत होत्या. पैसे भरायचं पान उघडलं आणि टोक आलं. सोबतचा मित्र म्हणाला, "बघ, पेमेंटला घाबरल्या!" रेकॉर्डिंग मागे नेलं, तर दोन सेकंद आधी काकी तारखेच्या चौकटीशी झटत होत्या. "अरे देवा, ह्यो महिना बदलतो कसो?" असं मोठ्याने म्हणालेल्याही. आता टोक कॅलेंडरचं की बोलण्याचं? बोलणं, खोकला, दीर्घ श्वास, सगळ्यानेच आलेख हलतो. ते टोक आम्ही सोडूनच दिलं. म्हणून ईडीए लावल्यावर मनातलं बोलून दाखवायला सांगू नका. काम संपल्यावर नजरेचं रेकॉर्डिंग दाखवून विचारा, लोक भरभरून सांगतात.

पावसात भिजून आलेल्याला थेट एसीत बसवून सेन्सर लावाल, तर बेसलाइन, म्हणजे आलेखाची शांत असतानाची पातळी, घसरतच राहील. दहा मिनिटं निवांत बसू दे, चहा नंतर.

डोळ्याच्या बाहुलीचं थोडक्यात. काम अवघड झालं की ती रुंदावते. कानेमन आणि बीटी या मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये अंक लक्षात ठेवायला लावून हे दाखवलं. पण उजेडाने ती त्याहून कितीतरी जास्त बदलते. पांढरं पान आणि काळं पान यांची बाहुलीवरून तुलना करणारा थिसिस परीक्षक पहिल्याच प्रश्नात उडवतो. खिडकीचे पडदे ओढा.

"सॉफ्टवेअर सगळं काढून देतं" म्हणणाऱ्या गाइडने बहुधा कधी इलेक्ट्रोड हातात धरलेला नसतो. मान डोलवा आणि लॅबच्या टेक्निशियनला गाठा. पहिले आलेख सगळ्यांचेच कचरा असतात, त्याने खचू नका. फक्त पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, गणेश चवथीच्या आधी उरका, त्या आठवड्यात सगळे गावाला जातात आणि खुर्चीत बसायला कुणी मिळत नाही.