लिबरऑफिस रायटर उघडेना, तेव्हा

परवा लिहिताना वीज गेली आणि कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. वीज आल्यावर रायटर, म्हणजे लिबरऑफिसमधला लिहिण्याचा प्रोग्रॅम, उघडेना. सुरुवातीचं चित्र यायचं, दोन सेकंदांत गायब. आईच्या आठवणींची फाइल त्यात होती, त्यामुळे जीव टांगणीला लागला.

आधी टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) पाहिला. तिथे सॉफिस.बिन, म्हणजे लिबरऑफिसचाच पडद्यामागे चालणारा भाग, अडकून बसलं होतं, ते बंद केलं. तरी तेच. काढून पुन्हा इन्स्टॉल केलं, तो तासभर वाया गेला, कारण विंडोजवर प्रोग्रॅम काढला तरी आपली सेटिंग्ज मागे राहतात आणि बिघाड तिथेच होता.

मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून उघडणाऱ्या रन खिडकीत अ‍ॅपडेटा हा शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह देऊन टाकला. तिथे लिबरऑफिस फोल्डर, त्यात ४, त्यात ही सेटिंग्ज ठेवलेलं यूजर फोल्डर. (आवृत्ती कितीही नवी असो, हा आकडा ४च राहतो.) यूजर खोडू नका, फक्त नाव बदला. मी ‘यूजर-जुनं’ केलं. रायटर पहिल्याच क्लिकला उघडला! त्याने नवं कोरं फोल्डर स्वतःच बनवलं.

माझी फाइल डॉक्युमेंट्समध्ये सुखरूप होती. मात्र शब्दकोशात घातलेले मराठी शब्द गेले होते. रायटर बंद करून जुन्या फोल्डरमधलं वर्डबुक नव्यात कॉपी केलं, तेही परत आले.

५.३ आवृत्तीपासून स्टार्ट मेनूत लिबरऑफिसचा सेफ मोडही (आपली सेटिंग्ज बाजूला ठेवून उघडण्याची सोय) असतो. आधी तो वापरून पाहा, मला तो नंतर सापडला.