ताई ची शिकायची तर आधी पाय

सिंगापूरला मुलाकडे पहिल्यांदा गेले तेव्हा माझं वय एकसष्ट होतं. जिना उतरताना डावा गुडघा कुरकुरायचा आणि झोप तुकड्या-तुकड्यांनी लागायची. तोआ पायो भागातल्या त्यांच्या इमारतीच्या तळमजल्याला भिंती नाहीत, नुसते खांब आणि मोकळी जागा. तिला तिथे व्हॉइड डेक म्हणतात. रोज सकाळी पावणेसातला, उजाडायच्या आधी, दहा-बारा चिनी आजी-आजोबा तिथे जमायचे आणि कुणाशी न बोलता संथपणे हात-पाय हलवत ताई ची करत राहायचे. मी चार दिवस खांबाशी उभी राहून बघत होते. पाचव्या दिवशी पुढच्या रांगेतल्या आंटींनी मला हाताने खूण करून बोलावलं. पाच महिने मी त्यांच्या मागे उभी राहून शिकले.

आंटींना इंग्रजी येत नव्हतं आणि मला चिनी. त्या सारखं 'मान मान लाय' म्हणायच्या. मला वाटायचं मानेबद्दल सांगताहेत, म्हणून मी दर वेळी मान सरळ करायची. मुलाने ऑफिसात विचारून सांगितलं, 'मान मान लाय' म्हणजे 'सावकाश, सावकाश'. दुसरा शब्द 'फांग सोंग', म्हणजे सैल सोड. या दोन सूचनांवर सगळी विद्या उभी आहे हे मला आता, कोल्हापूरला आमच्या गच्चीवर तीन वर्षं रोज केल्यावर कळतंय. सध्या माझ्याबरोबर आमचे हे आणि खालच्या मजल्यावरच्या दोघीजणी असतात. त्यांना शिकवताना जे समजलं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. चीगोंग म्हणजे श्वासाबरोबर करायचे संथ चिनी व्यायाम. त्यातला 'ची' म्हणजे आपण ज्याला प्राण म्हणतो त्याच्या जवळची कल्पना, आणि 'गोंग' म्हणजे सरावाने कमावलेली गोष्ट. ताई चीमधला 'ची' मात्र वेगळा शब्द आहे. तिथे यिन आणि यांग, म्हणजे एकमेकींना पूरक अशा दोन विरुद्ध शक्ती, दोन्ही ज्याच्या पोटात आहेत ते परमतत्त्व असा अर्थ होतो. पूर्ण नाव ताईचीच्वान, त्यातलं 'च्वान' म्हणजे मूठ. मुळात ही युद्धकलाच. हनान प्रांतातल्या चेन्जियागौ गावच्या चेन घराण्यात ती वाढली, तिथे शिकलेल्या यांग लुचान यांनी एकोणिसाव्या शतकात ती बीजिंगला नेली. सर्वसामान्यांना जमेल असा २४ हालचालींचा छोटा संच चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ साली यांग घराण्याच्या पद्धतीवरून तयार केला. जगभरच्या बागांमधून बहुतेक नवशिके तोच शिकतात. चीगोंगची मुळं याहून खूप जुनी. हुनानमधल्या मावांगदुई इथे १९७३ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या कबरीतून रेशमावरचं एक चित्र मिळालं. व्यायाम करणाऱ्या ४४ माणसांच्या आकृती आहेत त्यावर.

माझा सल्ला असा की आधी चीगोंग शिका, ताई ची नंतर. चीगोंगमध्ये बहुतेक वेळ जागेवरच उभं राहायचं असतं आणि एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायची असते, त्यामुळे पुढचं आठवण्यात डोकं अडकत नाही. थेट २४ हालचाली पाठ करायला बसलेली माणसं महिन्याभरात कंटाळून सोडून देतात.

पहिले दोन आठवडे नुसतं उभं राहा. हे ऐकून आमचे हे पहिल्याच दिवशी खुर्चीकडे वळले होते, पण सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. पाय एकमेकांपासून खांद्यांच्या रुंदीइतके लांब, दोन्ही पावलं एकमेकांना समांतर. आपल्याला पावलं बाहेर फाकवून उभं राहायची सवय असते, म्हणून सुरुवातीला पावलं आत वळल्यासारखी वाटतील, वाटू द्या. गुडघे वाकवायचे नाहीत, त्यांचं फक्त कुलूप काढायचं. माकडहाड खाली लोंबू द्यायचं. डोक्यावर भरलेली कळशी आहे असं समजा, म्हणजे मान आपोआप लांब होते आणि हनुवटी किंचित आत येते. हात छातीसमोर, मोठी घागर कवेत घेतल्यासारखे गोल, कोपरं खांद्यांच्या खाली. जिभेचं टोक टाळूला. श्वास नाकाने, बेंबीखाली तीन बोटांवर लक्ष ठेवून, पोट हलकेच फुगेल आणि बसेल असा. ओढून ताणून लांब करू नका, तो आपला आपण लांबतो.

पहिल्या दिवशी दोन मिनिटं पुरेत. खांदे भरून येतील. तेव्हा हात खाली न टाकता श्वास सोडताना खांदे तेवढे उतरवायचे. दोन आठवड्यांनी पाच मिनिटं, जमलं तर दहा. मांड्या थरथरल्या तर चालेल, गुडघा दुखला तर थोडं वर या.

मग बादुआनजिन हा चीगोंगचा संच. नावाचा अर्थ रेशमी भरजरी कापडाचे आठ तुकडे. आठ हालचाली, चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलेल्या. सगळा संच शांतपणे केला तर बारा-तेरा मिनिटं लागतात. दहा-बारा दिवसांत एक हालचाल या वेगाने तीन महिने द्या. पहिली अशी: दोन्ही हातांची बोटं पोटासमोर गुंफायची, तळवे वर. श्वास घेत हात छातीपर्यंत आणायचे, तिथे तळवे उलटवून आकाश वर ढकलायचं. नजर हातांच्या मागे जाते. वर एक क्षण थांबायचं, बरगड्यांच्या बाजू उघडल्या की नाही ते बघायचं, आणि श्वास सोडत हात दोन्ही बाजूंनी खाली आणायचे. घाईत केलं तर हा नुसता आळस देणं होतो. सहा वेळा.

दुसरीत बाण सोडल्यासारखा हात डावी-उजवीकडे ताणायचा. तिसरीत एक तळवा आकाशाला आणि दुसरा जमिनीला दाबायचा. चौथीत हात बाहेर पिळत मागे वळून बघायचं, आणि मानेचा स्पॉन्डिलायसिस असेल तर जेवढी सहज वळते तेवढीच मान वळवायची. पाचवी, डोकं आणि माकडहाड झुलवण्याची, सगळ्यात अवघड, तिला शेवटी ठेवा. सहावीत हात पाठीवरून पायांपर्यंत नेत पुढे वाकायचं असतं. बीपी असेल किंवा चक्कर येत असेल तर गुडघ्यापर्यंत पुरे, डोकं खाली लोंबू देऊ नका. सातवीत डोळे वटारून हळू गुद्दा. आठवीत टाचा उचलून खाली सोडायच्या, सात वेळा. हाडं ठिसूळ झाली असतील तर सोडण्याऐवजी टेकवा. कुठेही श्वास कोंडायचा नाही.

आता पायांकडे येते, कारण ताई ची म्हणजे पाय. पाहणाऱ्याला हात दिसतात, म्हणून सगळे हातच शिकतात. माझंही तसंच झालं. इकडे परत आल्यावर एका तरुण खेळाडूचा व्हिडिओ बघून मी त्याच्याइतकी खाली बसून पावलं टाकायला लागले. दहाव्या दिवशी गुडघा सुजला आणि तीन आठवडे बंद ठेवावं लागलं. चूक जास्त खाली बसण्याची तर होतीच, पण खरी चूक वेगळी होती. सगळं वजन पावलावर असताना मी ते पाऊल फिरवत होते. पाऊल जमिनीला चिकटलेलं राहतं आणि पीळ गुडघ्यात जातो.

यावरचा उपाय आंटींनी मला आधीच शिकवला होता, मी विसरले होते. त्या माझ्या पुढच्या पायाखाली वर्तमानपत्राचा अर्धा कागद सरकवायच्या आणि खाली बसून तो ओढायच्या. कागद सुळकन निघाला तर पाय रिकामा. अडकला किंवा फाटला तर वजन तिथे चोरून ठेवलेलं आहे. ताई चीत एक पाय भरलेला, एक रिकामा, आणि वजन एकातून दुसऱ्यात एका कळशीतलं पाणी दुसरीत ओतावं तसं जातं. धार तुटू द्यायची नाही.

हे पाऊल असं शिका. सगळं वजन उजव्या पायावर घ्या. डावा पाय उचलून पुढे ठेवा, आधी फक्त टाच, वजन शून्य. इथे कागद ओढून घ्या. मग चवडा टेकवा आणि सावकाश वजन पुढे आणा, साधारण सत्तर टक्के पुढे, तीस मागे. गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेनेच राहील आणि बोटांच्या पुढे जाणार नाही. दोन पावलं एका रेघेत ठेवू नका, त्यांच्यामध्ये निदान वीतभर रुंदी हवी, नाहीतर तोल जातो. पुढचं पाऊल टाकायचं असेल तेव्हा आधी थोडं मागे बसा, पुढचा चवडा हलका करून बाहेर वळवा, आणि मगच वजन त्याच्यावर न्या. ही मागे बसण्याची जागा व्हिडिओत पटकन निसटते. माझा गुडघा तिथेच वाचला. गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हात कमरेवर ठेवून महिनाभर एवढंच करा.

त्यानंतर हात. कंबर वळते, हात तिच्या मागे येतात. जात्यावर दळणारी बाई नुसत्या मनगटाने दळत नाही, तिचं सगळं अंग फिरतं. 'ढगांसारखे हात' ही २४ मधली दहावी हालचाल करताना मी शेजारणींना जातंच आठवायला सांगते. आणि वेग? जुने लोक सांगतात रेशमाचा धागा ओढल्यासारखं करा. मी सांगते, कापसाची वात वळताना जसं: हिसका दिला की तुटते, हात थांबला की गाठ येते. दर आठवड्याला एक हालचाल घ्या. पाठमोऱ्या शिक्षकाचा व्हिडिओ निवडा, समोरून केलेल्यात डावं-उजवं उलटं होतं. गावात शिकवणारं कुणी असेल तर निदान महिना-दोन महिने त्यांच्याकडे जा. तुमचा गुडघा आत पडतोय हे व्हिडिओला दिसत नाही.

पोट भरलेलं नसावं, फार रिकामंही नको. सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट बरे. शहाबादी फरशी ओली असेल तर त्या दिवशी आत करा. तोल जात असेल तर खुर्चीची पाठ धरा, किंवा बसूनच हात आणि श्वास करा.

याने काय होतं? मला झोप लागायला लागली आणि जिना उतरताना कठडा सुटला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांपैकी काहींना बारा आठवडे ताई ची दिली आणि काहींना फिजिओथेरपी, फायदा दोन्हीकडे सारखाच दिसला. त्याआधी २०१२ मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर २४ आठवडे अभ्यास झाला होता. त्यात नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांचा तोल चांगला राहिला आणि पडण्याचं प्रमाण कमी झालं. पण बीपीची किंवा शुगरची गोळी याच्या भरवशावर बंद करू नका, आणि अलीकडे ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा.

करून झालं की लगेच चहाकडे धावू नका. दोन्ही तळवे बेंबीखाली एकावर एक ठेवून मिनिटभर उभे राहा, मग तळवे घासून चेहऱ्यावरून फिरवा आणि थोडं चाला.

आमच्या ह्यांच्या पायाखालचा पेपर चार महिने रोज फाटत होता. परवा रविवारी तो पहिल्यांदा अख्खा बाहेर आला. त्यांनी तो घडी करून ठेवलाय, आणि येत्या सोमवारपासून मी त्यांना २४ मधली 'रानघोड्याची आयाळ' ही हालचाल दाखवणार आहे.