संत्र्याच्या स्क्वॅशची पाककृती आपल्या गंजाला, शेगडीला आणि बाटल्यांना कशी बसवावी

संत्र्याला दोन बहार असतात : आंबिया बहार हिवाळ्यात उतरतो आणि मृगाचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. दोन्ही वेळी विदर्भातल्या वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडच्या घरांत व्यापाऱ्याने बाजूला काढलेलं बारीक फळ पडून असतं. त्याचा स्क्वॅश करायला घेतला की छापील पाककृती सांगते : रस १ लिटर, साखर २ किलो, पाणी १ लिटर. ही मापं लिहिणाऱ्याच्या भांड्यांवर आणि त्याच्या आचेवर ठरलेली असतात. तुमचा गंज, म्हणजे पातेलं, पसरट असेल, खाली चुलीची आच असेल, तर तेच प्रमाण घेऊनही पाक दाट होतो, रस कमी निघतो आणि बाटल्या अर्ध्या राहतात. म्हणून पाककृतीतली मापं सोडून तिचं लक्ष्य धरावं.

लक्ष्य म्हणजे तयार स्क्वॅशमध्ये काय किती असावं. भारतातल्या मानकाप्रमाणे स्क्वॅशमध्ये फळाचा रस किमान २५ टक्के आणि विरघळलेले घटक, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ४० टक्के लागतात. विरघळलेल्या घटकांच्या या टक्केवारीलाच ब्रिक्स म्हणतात. घरी ३० टक्के रस आणि ४५ ब्रिक्स धरलं तर दोन्हीकडे थोडी मोकळीक राहते. आंबटपणा सव्वा टक्क्याच्या आत ठेवला की पाणी घातल्यावर चव बरोबर लागते.

सगळं वजनात मांडा. १ किलो तयार स्क्वॅशला रस ३०० ग्रॅम, साखर ४१० ग्रॅम, पाणी २८० ग्रॅम, सायट्रिक ॲसिड १० ग्रॅम आणि स्क्वॅश टिकवणारं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे केएमएस, ०.६ ग्रॅम लागतं. ग्लास, वाटी, लिटर ही मापं इथे फसवतात : १ लिटरच्या मापात साखर साधारण ८५० ग्रॅमच मावते, तर ४५ ब्रिक्सचा स्क्वॅश लिटरला सुमारे १.२ किलो भरतो.

आधी स्वतःची भांडी मोजा

गंज स्टीलचाच घ्या. ॲल्युमिनियम, लोखंड आणि बिनकल्हईचं पितळ आंबट रसाला चालत नाही, धातू उतरतो आणि चव जाते. गंजात एकेक लिटर पाणी ओतून लाकडी काडीवर खुणा करा, पुढे हीच काडी कामी येते. पाक फेसाळतो, म्हणून गंजाचा पाऊण भागच वापरायचा धरा. रिकाम्या गंजाचं वजन त्याच्या बुडावर कायमच्या शाईने लिहून ठेवा.

मग रसाचा उतारा काढा. ५ किलो संत्री सोलून, आपल्याच यंत्राने रस काढून, गाळून तोला. २ किलो निघाला तर उतारा ४० टक्के. हाताने पिळायच्या यंत्राचा, स्क्रू ज्यूसरचा आणि मिक्सरचा उतारा वेगळा येतो. एकाच बागेचा आंबिया आणि मृगही सारखा उतरत नाही. मिक्सर जास्त रस देतो, पण बिया आणि पांढऱ्या साली चिरडतो, आणि कडवटपणा तिथेच असतो. मिक्सरशिवाय सोय नसेल तर बिया आधी काढा आणि दोन-तीन झटक्यांवर थांबा.

नागपुरी संत्र्याचा रस काढताना गोड लागतो, पण ठेवल्यावर किंवा तापवल्यावर कडू होतो. रसातल्या आम्लामुळे आणि उष्णतेमुळे त्यात लिमोनिन हा कडू घटक तयार होत जातो. म्हणूनच संत्र्याचा रस पाकासोबत उकळायचा नसतो. त्या लॉटची खात्री नसेल तर आदल्या दिवशी वाटीभर रस काढून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी कडू लागला तर ते फळ खायला वापरा, स्क्वॅशला नको.

बाटल्यांपासून उलटा हिशेब

समजा ७५० मिलीच्या २४ बाटल्या भरायच्या आहेत आणि गळ्याशी दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडून प्रत्येकीत ७३० मिली मावतो. एकूण साडेसतरा लिटर झाले, म्हणजे सुमारे २१ किलो. गाळणी, गंज आणि नरसाळ्याला चिकटून वाया जाणारं धरून २२ किलोचा घाणा घ्या. ही घट दर घरी वेगळी असते. पहिल्या वेळी बाटल्यांत प्रत्यक्ष किती गेलं ते तोललं की पुढे तोच आकडा वापरता येतो.

२२ ने गुणलं की रस ६.६ किलो, साखर ९ किलो, पाणी ६.१६ किलो, सायट्रिक ॲसिड २२० ग्रॅम आणि केएमएस १३.२ ग्रॅम. ४० टक्के उताऱ्याला साडेसोळा किलो संत्री लागतील. साखर, पाणी आणि ॲसिड मिळून पाक १५.४ किलोचा, म्हणजे साधारण १२ लिटर. त्याला १६ ते १८ लिटरचा गंज हवा. लहान असेल तर पाक दोन खेपांत करा, पण रस आणि केएमएस घालताना सगळं एकाच मोठ्या भांड्यात एकत्र करा, नाहीतर बाटली-बाटलीत फरक पडतो.

पाक

पाणी तापवून साखर आणि ॲसिड घाला, सराट्याने (उलथन्याने) हलवत एक उकळी आणा, वर आलेली मळी काढा आणि गाळा. आता वाफेचा प्रश्न. चुलीवर किती पाणी उडेल हे आधी सांगता येत नाही, पण साखर उडत नाही. पाक थंड झाल्यावर गंजासकट तोला, गंजाचं वजन वजा करा आणि १५.४ किलोला जेवढं कमी असेल तेवढं उकळून गार केलेलं पाणी घाला. आच कमी-जास्त झाल्याची सगळी चूक इथेच भरून निघते. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

घाणा मोठा झाला की गार व्हायचा वेळही बराच वाढतो. पंधरा किलो पाक तासाभरात निवत नाही, आणि तोवर काढून ठेवलेला रस कडवट होतो. म्हणून पाक आदल्या रात्री करून झाकून ठेवा आणि रस सकाळी काढा.

पाण्याबद्दल : अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उकळूनही खारटच राहतं. तिथे आरओचं पाणी वापरा. इतरत्र पाणी नुसतं जड असेल तर ते उकळून, निवळून, तळचा पांढरा साका सोडून घ्या. जड पाण्याने आंबटपणा फारसा घटत नाही, बिघडते ती चव आणि स्वच्छता.

मिसळणं आणि तपासणं

गार पाकात गाळलेला रस मिसळा. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजायचं यंत्र, असेल तर ४५ च्या आसपास वाचन यावं. त्याचा पल्ला ४५ च्या वर जाणारा हवा, रसासाठीचा ३२ पर्यंतचा इथे निकामी. तापमानभरपाई नसलेलं यंत्र ३५ अंश सेल्सिअसला सुमारे एक ब्रिक्स कमी दाखवतं, म्हणून सावलीत, गार नमुना घ्या. २२ किलोत वाचन ४२ आलं तर १.२ किलो साखर हलवून विरघळवा. ४८ आलं तर दीड किलो पाणी घाला. यंत्र नसेल तर रस १० ब्रिक्सचा धरून चाला. रसात एका ब्रिक्सची चूक झाली तर या घाण्यात फक्त ६६ ग्रॅम साखरेचा फरक पडतो. पाण्याच्या वजनातली चूक मात्र महागात जाते.

केएमएस सर्वांत शेवटी, पाक पूर्ण गार असताना. गरम पाकात त्याचा वायू उडून जातो आणि स्क्वॅश टिकत नाही. घरचा काटा १३.२ ग्रॅम नेमके दाखवत नाही, म्हणून २० ग्रॅम केएमएस पाण्यात विरघळवून द्रावण २०० मिली करा आणि त्यातलं १३२ मिली घाला. तेवढं पाणी हिशेबातून आधीच कमी करा. पुडी नवी घ्या, उघडी राहिलेली जुनी पुडी जोर गमावते. जास्त घातल्याने जास्त टिकतं असं नाही, घशाला लागणारा वास मात्र येतो. घरात दमेकरी असेल तर हा स्क्वॅश त्यांना देऊ नका, आणि द्रावण करताना वास नाकात घेऊ नका.

काचेच्या बाटल्या धुऊन, गार पाण्यात ठेवून पाण्यासह उकळा, वीस मिनिटं राहू द्या, उपड्या करून निथळा. भरताना स्क्वॅश ढवळत राहा, नाहीतर गर पहिल्या बाटल्यांत जातो. अंधाऱ्या, गार जागी ठेवा. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये रंग तपकिरी पडतो.

आठवड्याने एक बाटली उघडून बघा. फसकन वायू सुटला किंवा बुडबुडे दिसले तर आंबणं सुरू झालं आहे. बहुधा ब्रिक्स ४० खाली गेलेला असतो किंवा केएमएस गरम पाकात पडलेलं असतं. अशा घाण्याच्या बाकीच्या बाटल्या हात आणि डोळे सांभाळून लगेच उघडा, कारण दाब वाढून काच फुटते, आणि तो माल फेकून द्या.