जुन्या स्नायपर रायफलला दुर्बीण निवडताय? या चुका टाळा

आधी रायफल नीट बघा, मग दुर्बीण घ्या. हे कितीदा सांगितलं तरी मंडळी दुर्बीण घेऊनच येतात आणि विचारतात, "काका, ही बसेल ना?" बसेल की. पाहुण्याची चप्पलही आपल्या पायात बसते.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो पॉलिश पेपर पाहून. उदाहरणार्थ ब्रिटिश स्नायपर रायफल नंबर ४ मार्क १ (टी), म्हणजे आमची 'टी'. नेम चांगला निघालेल्या रायफली निवडून हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या कंपनीकडे जायच्या आणि तिथे त्यांच्यावर नंबर ३२ ही ३ पट दुर्बीण चढायची. (ही मुळात ब्रेन गन या हलक्या मशीनगनसाठी केलेली, म्हणून इतकी दणकट.) एक दुर्बीण एकाच रायफलशी जुळवलेली. म्हणून दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर, लाकडात ठोकलेला असतो.

इथे इंग्लंडमध्ये आमच्या रेंजवर एक नागपूरचा पोरगा येतो. परवाना वगैरे सगळं चोख. त्याने १९४४ ची टी घेतली. दस्त्यावर दोन नंबर होते. वरचा आडव्या रेघेने खोडलेला, खाली दुसरा. याला वाटलं, कुणीतरी लबाडी केलीय. शनिवार-रविवार बसून घासलं, वर जवसाचं तेल लावलं. सोमवारी मला चकचकीत दस्ता दाखवला. मी त्याचा आधीचा फोटो काढून बघितला, तर खालचा नंबर त्याच्याच दुर्बिणीचा! दुर्बीण बदलली की फौजेतला कारागीर जुना नंबर खोडून नवा ठोकायचा. ती खाडाखोड हाच अस्सलपणाचा पुरावा होता, आणि पठ्ठ्याने लग्नाचा दाखलाच पुसून टाकला.

दुसरी खोड मोसिन या रशियन रायफलवाल्यांची. पीयू दुर्बीण, साडेतीन पट, आधी एसव्हीटी-४० या दुसऱ्या रशियन रायफलसाठी आली. मोसिनवर ती १९४२ पासून. त्याआधी पीई, पीईएम या दुर्बिणी असायच्या. तेव्हा १९३८ ची रायफल आणि वर पीयू दिसली, तर विकणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारा. सरळ बोल्ट (गोळी भरायला उचलून ओढायचा दांडा) दिसला तर विचारूही नका. तो उचलताना दुर्बिणीला अडतो, म्हणून तर स्नायपरचा बोल्ट लांब आणि खाली वळवलेला असतो.

जर्मन झेडएफ ४१ दुर्बीण दीड पटच. ती लावून "स्नायपर" म्हणू नका.

साध्या, धडधाकट रायफलला भोकं पाडून "स्नायपर" करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

टीच्या गोळ्या इकडेतिकडे पडायला लागल्या की लोक दुर्बिणीला शिव्या देतात. मी आधी पुढच्या पॅडला, म्हणजे दुर्बिणीचा ब्रॅकेट ज्यावर बसतो त्या रायफलवरच्या धातूच्या तुकड्याला, नख लावून बघतो. बहुतेकदा तोच सैल झालेला असतो. ब्रॅकेटचे स्क्रू पकडीने आवळू नका, बोटांना जमेल तेवढंच.

काच पिवळट दिसली म्हणून दुर्बीण घरी उघडू नका. भिंगं चिकटवलेला बाल्सम जुना झाला की असंच होतं. माझ्या नंबर ३२ मधून भर दुपारीसुद्धा कोऱ्या चहातून बघितल्यासारखं दिसतं. दिसू दे.